दहा दिवसांत बांधलेला पूल, अठरा दिवसांनी तोडलेला

इ.स.पू. 55 च्या उन्हाळ्यात रोमन सेनापती ज्युलियस सीझरचे दूत ऱ्हाईन नदीपलीकडच्या सुगांब्री टोळीकडे गेले. आमच्याशी लढून तुमच्याकडे आश्रयाला आलेले घोडेस्वार आमच्या ताब्यात द्या, एवढीच मागणी होती. सुगांब्रींनी काय उत्तर दिलं ते सीझरनेच आपल्या गॉलच्या (म्हणजे आजचा फ्रान्स आणि आसपासच्या मुलखाच्या) युद्धवृत्तांतात लिहून ठेवलं आहे. रोमची सत्ता ऱ्हाईनपाशी संपते, असं त्यांनी कळवलं. जर्मन लोकांनी तुम्हाला न विचारता नदी ओलांडून गॉलमध्ये यावं हे तुम्हाला अन्यायाचं वाटतं ना? मग नदीच्या या बाजूला हुकूम चालवायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?

सवाल बिनतोड होता. सीझरने त्याला शब्दांत उत्तर दिलं नाही, लाकडात दिलं. दहा दिवसांत त्याने ऱ्हाईनवर पूल उभा केला, सैन्य पलीकडे नेलं, अठरा दिवस तिथं राहिला, परत आला आणि पूल तोडून टाकला. या पुलाबद्दल बहुतेक ठिकाणी फक्त वेगाचं कौतुक वाचायला मिळतं. कौतुक करावं असाच तो वेग आहे. पण हा पूल नक्की कशासाठी बांधला, तो कसा उभा राहिला आणि त्यातून काय साधलं, हे तीन प्रश्न एकत्र ठेवून पाहिलं तर हे प्रकरण जास्त खोल निघतं.

आधी काय घडलं

ते घोडेस्वार उसिपेटी आणि टेंक्टेरी या दोन टोळ्यांचे होते. सुएबी नावाच्या बलाढ्य टोळीने वर्षानुवर्षं छळल्यामुळे या दोन्ही टोळ्या बायकामुलांसह, गुराढोरांसह ऱ्हाईन ओलांडून गॉलमध्ये आल्या होत्या. त्यांना राहायला जमीन हवी होती. सीझरशी बोलणी चालू असताना एक चकमक झाली. त्यांच्या 800 स्वारांनी सीझरच्या 5,000 स्वारांची दाणादाण उडवली आणि 74 जणांना मारलं. दुसऱ्या दिवशी टोळ्यांचे प्रमुख आणि वडीलधारे झाल्या प्रकाराबद्दल खुलासा करायला रोमन छावणीत आले. सीझरने त्यांना तिथंच अडकवून ठेवलं आणि म्होरक्यांशिवाय बेसावध असलेल्या तळावर सगळं सैन्य सोडलं. पळणाऱ्या बायकामुलांच्या मागे घोडदळ पाठवलं. उरलेले नदीपर्यंत पोचले आणि तिथं मारले गेले किंवा बुडाले. शत्रूची संख्या 4,30,000 होती, असं सीझर लिहितो. हा आकडा फुगवलेला आहे असं बहुतेक इतिहासकार मानतात. आजच्या नेदरलँड्समधल्या केसेल इथं नदीपात्रातून मिळालेली हाडं आणि शस्त्रं याच कत्तलीची आहेत, असा निष्कर्ष अॅमस्टरडॅमच्या पुरातत्त्वज्ञांनी 2015 मध्ये मांडला.

रोममध्येही हे सगळ्यांना पचलं नाही. तह मोडल्याचं पाप शहरावर यायला नको, म्हणून सीझरलाच जर्मनांच्या हवाली करावं, अशी मागणी सीझरचा कट्टर विरोधक धाकट्या केटोने सिनेटमध्ये केली. प्रत्यक्षात काहीच झालं नाही. पण पुलाची गोष्ट सांगताना ही पार्श्वभूमी गाळून चालणार नाही. त्या कत्तलीच्या वेळी लूट आणि धान्य मिळवायला दूर गेल्यामुळे जे घोडदळ वाचलं, तेच पुढे सुगांब्रींकडे आश्रयाला गेलं. त्यांच्यामागे जाण्यासाठी हा पूल बांधला गेला.

होड्या होत्या, तरी

ऱ्हाईनपलीकडे रोमनांचा एकच मित्र होता, उबी ही टोळी. सुएबींनी त्यांनाही जेरीला आणलं होतं. उबींनी सीझरला कळवलं की तुम्ही नुसते नदी ओलांडून आलात तरी आमचं काम होईल, तुमच्या सैन्याच्या नावाचा दरारा तेवढा आहे. सैन्य उतरवायला हव्या तेवढ्या होड्या देतो, असंही ते म्हणाले.

सीझरने होड्या नाकारल्या. होडीतून जाणं पुरेसं सुरक्षित नाही आणि ते त्याच्या व रोमन जनतेच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, अशी दोन कारणं तो देतो. पुष्कळ वाचक दुसऱ्या कारणाला दिखाऊपणा म्हणतात आणि पहिलं कारण सबब समजतात. मला दोन्ही कारणं खरी वाटतात.

आधी सुरक्षिततेचं बघू. हजारो माणसं, घोडी, धान्य आणि सामान होड्यांतून खेपा करून नेताना सैन्य तासन्‌तास दोन काठांवर विभागलेलं राहतं. जाताना कदाचित निभावून जाईल. खरी भीती परतताना असते. शत्रू पाठीवर आहे, समोर नदी आहे आणि होड्या दुसऱ्याच्या आहेत. उबी आज मित्र होते, पण पलीकडे एखादा पराभव झाला असता तर त्या होड्या काठाला थांबल्या असत्या का? पूल असला आणि त्याच्या दोन्ही टोकांना आपली तुकडी असली, तर परतीची वाट आपल्याच हातात राहते. होड्या एकमेकींना बांधून तरंगता पूल करता आला असता. दारियस आणि झर्क्सीस या इराणी सम्राटांनी त्याच्या कितीतरी आधी असे पूल केले होते. पण त्यालाही उबींच्याच होड्या लागल्या असत्या.

आता प्रतिष्ठा. इथं एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. होड्यांनी गेलं असतं तर शत्रूला गाफील गाठता आलं असतं. पूल बांधायला घेणं म्हणजे दहा दिवस आधी दवंडी पिटण्यासारखं. झालंही तसंच. कामाला सुरुवात होताच सुगांब्री आवराआवर करून जंगलात निघून गेले. सीझरसारख्या सेनापतीला हे आधी कळलं नसेल, हे शक्य नाही. त्याने अचानक हल्ल्याची संधी जाणूनबुजून सोडली आणि त्या बदल्यात सगळ्या काठाला दहा दिवस एक दृश्य पाहायला लावलं. ज्या नदीला सुगांब्री रोमची हद्द म्हणाले होते, तिच्यात रोज सकाळी कालच्यापेक्षा जास्त खांब उभे दिसत होते.

सांधा

पूल नेमका कुठे होता ते ठिकाण पक्कं झालेलं नाही. जर्मनीतल्या कोब्लेन्झ आणि आन्डरनाख यांच्या दरम्यान, नॉयविडच्या आसपासच्या सखल भागात तो होता, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आज तिथं पात्राची रुंदी साधारण तीन-चारशे मीटर आहे. आपल्याकडच्या बऱ्याच नद्या उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून ओलांडता येतात, त्यामुळे उन्हाळ्यातला पूल म्हटल्यावर अडचण नीट कळत नाही. ऱ्हाईन आल्प्समधून येते. बर्फ वितळलं की ऐन उन्हाळ्यात तिला पाणी असतं, आणि त्या पाण्याला ओढही असते. रुंदी, वेग आणि खोली या तिन्हींमुळे पूल बांधणं अतिशय कठीण होतं, हे सीझरही कबूल करतो.

पुढे तो पुलाची जी रचना सांगतो ती जुन्या जगातल्या अभियांत्रिकी लेखनातली माझी सर्वांत आवडती जागा आहे. रोमन फूट सुमारे 29.6 सेंटिमीटरचा असतो. दीड फूट, म्हणजे 44 सेंटिमीटर जाडीचे दोन लाकडी खांब घ्यायचे. त्यांची खालची टोकं थोडी तासून अणकुचीदार करायची आणि दोघांत दोन फुटांचं अंतर ठेवून ते एकमेकांना जोडायचे. ही जोडी यंत्राने पाण्यात सोडायची आणि ठोकून तळात बसवायची. ठोकण्याच्या साधनासाठी सीझर वापरतो तो शब्द जड वजन उचलून आपटायच्या साधनाचा आहे. आपल्याकडे जमीन चोपायला धुम्मस वापरतात, त्याचंच हे अवाढव्य रूप समजा.

खांब सरळ उभे ठोकायचे नाहीत, हा यातला कळीचा मुद्दा. वरच्या अंगाची, म्हणजे जिकडून पाणी येतं तिकडची जोडी प्रवाहाच्या दिशेने कललेली. तिच्यासमोर खालच्या अंगाला 40 फुटांवर, म्हणजे जवळजवळ 12 मीटरवर, दुसरी तशीच जोडी, पण ती प्रवाहाच्या विरुद्ध कललेली. दोन माणसं समोरासमोर उभी राहून एकमेकांच्या खांद्यांना रेटत आहेत, असा आकार डोळ्यांसमोर आणा. या दोन जोड्यांच्या माथ्यावर एक आडवी तुळई बसवायची. तिची जाडी दोन फूट, म्हणजे जोडीतल्या दोन खांबांमधलं अंतर जेवढं नेमकं तेवढीच. ती त्या फटीत जाऊन बसते. मग दोन्ही टोकांना एकेक जोडी आकड्यांनी तिला जखडायचं. या जखडणीमुळे दोन्हीकडचे खांब एकाच वेळी एकमेकांपासून दूर ठेवले जातात आणि एकमेकांना बांधलेही जातात. सीझर म्हणतो की रचनेची मजबुती अशी होती की पाण्याचा जोर जितका वाढेल तितकं हे सगळं आणखी घट्ट आवळलं जावं.

हे वाक्य थांबून वाचण्यासारखं आहे. पुलाचा शत्रू असतो प्रवाह. सरळ उभ्या खांबाला तो दिवसरात्र उपटू पाहतो, तळाशी खणतो, सांधे खिळखिळे करतो. इथं वरच्या जोडीवर पाण्याचा रेटा आला की ती तुळईला ढकलते, तुळई खालच्या जोडीला ढकलते, आणि ती जोडी आधीच प्रवाहाविरुद्ध पाय रोवून उभी असते. पाचर ठोकत गेलं की फट आवळत जाते, तसं हे काम. पाचर ठोकायला नदीच होती.

त्या आकड्यांसाठी सीझरने लॅटिन शब्द वापरला आहे फिब्युला. अंगावरचं वस्त्र अडकवायच्या काट्यालाही हाच शब्द. पण पुलातली फिब्युला म्हणजे नक्की काय? लोखंडी पट्टी, खाचा पाडलेले लाकडी तुकडे, की तिरके आधार? अभियंते आणि लॅटिनचे पंडित पाचशे वर्षं यावर वाद घालत आहेत. इटालियन वास्तुविशारद पल्लाडिओने 1570 मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात या पुलाचं स्वतःचं चित्र दिलं. त्यानंतर प्रत्येक पिढीत कुणी ना कुणी नवं चित्र काढलं. माझा कल लाकडी जोडाकडे आहे, आणि त्याचं कारण वेळ. शेकडो सांध्यांना पुरेल एवढं लोखंड दहा दिवसांत घडवण्यापेक्षा हाताशी असलेल्या लाकडातून खुंट्या आणि खाचा काढणं सुतारकाम जाणणाऱ्या सैनिकांना सोपं गेलं असेल.

या चौकटींवर लांबीच्या दिशेने वासे टाकले, त्यांवर बांबूसारख्या लांब काठ्या अंथरल्या आणि सगळ्यांत वर विणलेले ताटवे पसरले. कोकणात, घाटावर कारवीचे कूड विणतात, त्याच जातीचा हा प्रकार. माणसं आणि घोडी चालायला तेवढं पुरे. यावरून हेही कळतं की पूल वर्षानुवर्षं टिकावा असा कुणाचा विचारच नव्हता. ओल्या लाकडाची तुळई आणि विणलेला पृष्ठभाग हे एका मोहिमेपुरतं काम असतं.

शेवटच्या दोन गोष्टींत मात्र त्याने कसूर केली नाही. खालच्या अंगाला तिरके धीरे ठोकून ते सगळ्या रचनेला जोडले, म्हणजे पडायला आलेल्या भिंतीला टेकू द्यावा तसे. आणि वरच्या अंगाला पुलापासून थोड्या अंतरावर सुटे खांब पाण्यात रोवले. शत्रूने पूल मोडायला वरून झाडांचे ओंडके किंवा होड्या सोडल्या तर त्यांचा पहिला तडाखा या खांबांनी झेलावा, म्हणून. नदी आणि माणूस या दोन वेगळ्या शत्रूंसाठी दोन वेगळ्या तजविजी त्याने केल्या होत्या.

लाकडाचा हिशेब

लाकूड गोळा करायला सुरुवात झाल्यापासून दहा दिवसांत काम पुरं झालं, असे सीझरचे शब्द आहेत. म्हणजे झाडं तोडणंही त्या दहा दिवसांतच आलं. यावर विश्वास ठेवावा का, हे पाहायला एक ढोबळ हिशेब मांडून बघू. पात्र 400 मीटर धरू आणि दर 8 मीटरला एक चौकट. दोन्ही आकडे माझे गृहीत आहेत. म्हणजे 50 चौकटी, आणि प्रत्येकीला चार प्रमाणे 200 मुख्य खांब. खांब 9 मीटर लांब धरला तर ओल्या लाकडात एकाचं वजन सव्वा ते दीड टन होतं. धीरे, सुटे खांब, तुळया आणि वासे वेगळेच.

झाडं तोडणं, तासणं, ओढून आणणं ही कामं माणसं वाढवली की लवकर होतात, आणि सीझरकडे माणसांची वाण नव्हती. रोमन पायदळ शत्रूच्या मुलखात रोज संध्याकाळी खंदक खणून, कुंपण घालून नवी छावणी बांधायचं. कुऱ्हाड आणि फावडं हातात असणं ही त्यांच्यासाठी रोजची गोष्ट होती. खरी अडचण आहे ठोकण्याची. एक चौकट उभी राहिल्याशिवाय तिच्यावरून पुढची उभी करता येत नाही. काठावर कितीही माणसं उभी असली तरी टोकावर काम करणारे मोजकेच असतात. लाकूड जमेपर्यंतचे पहिले दिवस वजा केले तर रोज सहा-सात चौकटी व्हायला हव्यात. तराफ्यांवर यंत्रं चढवून एकाच वेळी अनेक जागी ठोकलं असेल, तरच हे जमतं. उबी पलीकडच्या काठावर मित्र म्हणून असल्यामुळे दोन्ही टोकांकडून काम सुरू करणंही अवघड नव्हतं. अवघड आहे, पण अशक्य नाही, असं मला वाटतं. आणि याला पुरावा दोन वर्षांनी मिळतो, त्याकडे येऊच.

एक हुरहूर मात्र राहते. इतकी तपशीलवार रचना सांगणारा सीझर ती कुणी आखली त्याचं नाव एका शब्दाने घेत नाही. गॉलमध्ये त्याचा कारागीर-प्रमुख मामुर्रा नावाचा माणूस होता, हे रोमन लेखक प्लिनीच्या लिखाणातून कळतं. मामुर्राच्या अफाट संपत्तीवर कवी कॅटलसने जहरी कविता लिहिल्या. पण या पुलाशी त्याचं नाव जोडणारी एकही ओळ नाही. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून दोर ओढणाऱ्यांची नावं तर कुणीच लिहिली नाहीत.

पलीकडचे अठरा दिवस

पूल झाला. दोन्ही टोकांना भक्कम तुकड्या ठेवून सैन्य पलीकडे गेलं. वाटेत काही टोळ्यांचे दूत शांतता मागायला आले. सीझरने त्यांच्याकडे ओलीस मागितले. सुगांब्रींच्या मुलखात पोचल्यावर माणूस नव्हता. मग रोमन सैन्याने गावं आणि घरं जाळली, उभं धान्य कापून टाकलं. तिथून सीझर उबींकडे गेला. तिथं त्याला समजलं की सुएबींनी बायकामुलांना आणि चीजवस्तूंना जंगलात हलवलंय आणि लढणारे सगळे आपल्या प्रदेशाच्या मधोमध जमून वाट पाहत आहेत. सीझर तिकडे गेला नाही. भीती बसवायची होती ती बसवली, सुगांब्रींना शिक्षा दिली, उबींना सोडवलं, असं म्हणून तो परतला आणि पूल तोडला. त्याच्या हिशेबी कीर्ती आणि उपयोग या दोन्हींच्या दृष्टीने पुरेसं झालं होतं. त्याच उन्हाळ्यात तो ब्रिटनकडे निघाला.

पूल मागे ठेवला असता तर तो शत्रूलाही वापरता आला असता. शिवाय त्याच्या रक्षणाला कायम सैन्य गुंतून पडलं असतं. म्हणून तोडणं योग्यच होतं. पण तोडण्यात दुसराही अर्थ होता. नदी म्हणजे रोमला एक अडथळा, हवा तेव्हा दूर करावा आणि हवा तेव्हा परत आणावा, हे काठावरच्या सगळ्यांनी पाहिलं.

दुसरा पूल

इ.स.पू. 53 मध्ये सीझर पुन्हा ऱ्हाईनवर आला. या वेळी कारण वेगळं होतं. सुएबींनी गॉलमधल्या ट्रेव्हेरी टोळीला कुमक पाठवली होती. पहिल्या जागेच्या थोडं वरच्या अंगाला त्याने दुसरा पूल बांधला. त्याबद्दल त्याने जेमतेम एक वाक्य लिहिलंय: रीत ठाऊक आणि ठरलेली होती, सैनिकांना उत्साह होता, थोड्या दिवसांत काम झालं. पहिल्या दहा दिवसांवर विश्वास ठेवायला मला हीच गोष्ट प्रवृत्त करते. दोनदा जमतं ते नशिबाने जमत नाही.

सुएबी या खेपेला आणखी आत, बाकेनिस नावाच्या अरण्यापर्यंत मागे सरकले. धान्याचा तुटवडा होईल म्हणून सीझर त्यांच्या मागे गेला नाही. परतताना मात्र त्याने पूल पूर्ण तोडला नाही. उबींच्या काठाला लागलेला 200 फुटांचा, म्हणजे सुमारे 59 मीटरचा शेवटचा तुकडा तेवढा काढला. उरलेल्या पुलाच्या टोकाशी चार मजली बुरूज उभारला आणि गायस व्होल्केशियस टुलस या तरुणाच्या हाताखाली 12 कोहोर्ट (पायदळाच्या तुकड्या), म्हणजे दहा कोहोर्टच्या एका लीजनपेक्षाही जास्त सैन्य, रखवालीला ठेवलं. मी परत येईन ही भीती जर्मनांच्या मनातून पुरती जाऊ नये, हे कारण तो स्वतःच देतो. पहिल्या खेपेला संपूर्ण तोडून धाक बसला नव्हता, याची ही कबुलीच आहे.

त्याच मोसमात सीझरने एब्युरोनी टोळीचा मुलूख लुटायला आसपासच्या सगळ्यांना खुलं आमंत्रण दिलं. ती बातमी ऱ्हाईनपलीकडे सुगांब्रींच्या कानावर गेली. गावं जळून दोनच वर्षं झाली होती. त्यांनी 2,000 घोडेस्वार जमवले आणि होड्या व तराफ्यांवरून नदी ओलांडली. ओलांडली ती पुलापासून आणि त्या चार मजली बुरुजापासून 30 रोमन मैल, म्हणजे सुमारे 44 किलोमीटर खाली, जिथं कुणी पाहणारं नव्हतं. लूट गोळा करताना एका कैद्याने त्यांना सांगितलं की रोमनांचं सगळं सामान अटुआटुका इथल्या छावणीत आहे आणि राखायला माणसं थोडी आहेत. छावणी क्विंटस सिसेरोच्या, प्रसिद्ध वक्त्या सिसेरोच्या भावाच्या ताब्यात होती, आणि त्याच दिवशी त्याने पाच कोहोर्ट धान्य आणायला बाहेर पाठवल्या होत्या. सुगांब्री थेट छावणीच्या दारापर्यंत घुसले. छावणी कशीबशी वाचली. बाहेर गेलेल्यांपैकी जुने सैनिक फळी फोडून आत आले, नवखे मात्र उंचवट्यावर घोटाळले आणि वेढले गेले. रोमनांच्या दोन कोहोर्ट बुडाल्या. सुगांब्री लूट घेऊन, आले होते तसेच होड्यांतून परत गेले.